बायकांच्या बाजूचा कॅमेरा

१४ नोव्हेंबर, पाटोदा

नांदूरघाटची हळद उरकून काल संध्याकाळी परत आलो. खांदा दुखतोय, पण दिवस चांगला गेला. नवरीच्या आईनं निघताना माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमी होत्या म्हणून आमी मोकळ्या मनानं हसलो बघा."

घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझी शाळा मराठी, त्यामुळे मनातलं वहीत उतरतं ते मराठीतच. माझ्या नवऱ्याला, मतीनना, मराठी वाचायचा कंटाळा आहे, ते एका परीनं बरंच.

आमच्या स्टुडिओच्या बोर्डावर मी रंगवून घेतलंय: 'बायकांची बाजू बायकाच काढणार.' तीन वर्षांपूर्वी लोक हसले होते. आता कुणाकडं मेहंदी असो की हळद, बाया माझं नाव घेऊन बोलावतात. एक कॅमेरा माझा, दुसरा माझ्या हाताखालच्या मनिषाचा. दोन्हींचं चित्र एका छोट्या बॉक्समध्ये येतं. मी बटण दाबीन त्या कॅमेऱ्याचं चित्र तो बॉक्स हॉलच्या वायफायवरून खालच्या खोलीतल्या टीव्हीला पाठवतो. जिना चढता न येणाऱ्या म्हाताऱ्या तिथं बसून सगळा कार्यक्रम बघतात. बस, एवढंच. यूट्यूब नाही, बाहेर कुठं काही नाही. बॉक्स मतीननी आणला, त्यांनीच जोडला. मला त्यातलं फक्त चालू-बंद कळतं.

परतीच्या वाटेवर मतीन म्हणाले, "त्या हिरव्या साडीवाल्या मावशी उखाणा विसरल्या, तेव्हा पोरींनी त्यांना सोडलंच नाही ना?" मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, "हसण्याचा आवाज गाडीपर्यंत येत होता." दिवसभर बाहेर गाडीत बसून असतात बिचारे. माझ्यासाठीच.

१९ नोव्हेंबर

गेवराईला रहेमतबींकडं जाऊन आले. नात तहसीनचं लग्न आहे. रहेमतबी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून फळांची वखार त्यांनी पडद्याआड बसून चालवली. गेवराईचे व्यापारी त्यांचा आवाज ओळखतात, चेहरा एकानंही बघितलेला नाही.

कॅमेरा त्यांना नकोच होता. पण थोरली बहीण गुडघ्यांनी पार बसलीय, तिला वर नेता येणार नाही. तिच्यासाठी खालच्या खोलीत टीव्ही पाहिजे.

"हे चित्र जातं कुठं, बेटी?"

"खालच्या टीव्हीवर, दादी. आणि माझ्या कार्डात. तिसरीकडं कुठंच नाही."

"जबान देतेस?"

"देते."

त्या सुनेला म्हणाल्या, "हिला खजूर दे."

२३ नोव्हेंबर

तहसीनची मेहंदी. हायवेवरचा हॉल, वरचा मजला पूर्ण बायकांचा. दाराशी टोपली ठेवून आम्ही सगळ्यांचे मोबाईल घेतो, ती आमची पहिली अट.

दुपारी चारनंतर पोरींनी ढोलक धरला आणि रहेमतबींना ओढून मधे आणलं. त्या नाही नाही म्हणत होत्या. मग एकदम काय वाटलं कोण जाणे, डोक्यावरची ओढणी काढून कमरेला बांधली, तहसीनचे दोन्ही हात धरले आणि नाचल्या. पांढरे केस सुटले होते. गुडघा दुखला की थांबायच्या, हसायच्या, परत सुरू. तेव्हा मनिषाचा कॅमेरा जवळ होता, म्हणून मी तिचंच चित्र लावून ठेवलं. खालच्या खोलीत त्यांची बहीण टीव्हीसमोर टाळ्या वाजवत रडत होती असं नंतर कळलं.

एकच गोष्ट खटकली. मनिषाचा मोबाईल तिच्याच खिशात वाजला. मी तिला कोपऱ्यात घेऊन बोलले. ती म्हणाली, "आईचा फोन व्हता ताई, उसाच्या फडावरून. तिकडं रेंज कधी येती कधी न्हाई, म्हणून टोपलीत टाकला न्हाई. चुकलं." आईबाप कारखान्याला गेलेत, ती चुलतीकडं राहते. समजू शकते, पण नियम तो नियम.

एवढ्या धावपळीत मी पहिल्यांदा खुर्चीवर टेकले आणि तेवढ्यात मतीननी वर चहा पाठवला. नेहमी असंच होतं. मी बसले की चहा येतो. माझ्या मनातलं यांना न सांगता कळतं. सगळ्यांच्या नशिबी नसतं हे.

२५ नोव्हेंबर

कालचा निकाह नीट झाला. आज सकाळी तहसीनच्या फुफूचा, म्हणजे आत्याचा, फोन आला. त्या म्हणाल्या, "उज्मा, तू काय केलंस हे?"

अडतीस सेकंदांची क्लिप. रहेमतबी नाचतायत, केस सुटलेले, ओढणी कमरेला. कुणीतरी खाली एक चावट गाणं जोडलंय आणि हसणारी तोंडं चिकटवलीत. आधी गेवराईच्या फळबाजाराच्या ग्रुपवर आली, तिथून सगळीकडं. माझ्या मोबाईलवर आतापर्यंत चौघांनी पाठवलीय. त्यातल्या दोघांना माहीतच नाही की ती मी काढलीय.

मतीन म्हणाले, "तू घाबरू नकोस, मी बघतो." मी क्लिप त्यांच्यासमोर धरली तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनाही बघवलं नाही.

२६ नोव्हेंबर

चित्र मनिषाच्या कॅमेऱ्याचं आहे, यात शंका नाही. टीव्हीवरून कुणी मोबाईलनं काढलं असतं तर तिरकं, हलणारं आलं असतं. हे स्वच्छ आहे, म्हणजे कार्डातलं. तिचं कार्ड संध्याकाळपर्यंत तिच्याकडंच होतं. आणि नियम मोडून मोबाईल जवळ ठेवला होता तो तिनंच. मतीन म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही, पण तू विचार कर."

विचार केला. तिला घेऊन गेवराईला गेले. रहेमतबींच्या ओसरीवर दहा-बारा बाया बसल्या होत्या. रहेमतबी आतल्या खोलीत, दार अर्धं लावून. सगळ्यांसमोर मी मनिषाचा मोबाईल मागितला आणि उघडला. फोटो, मेसेज, सगळं एकेक करून बघितलं. फुफू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. काही सापडलं नाही.

"पुसून टाकलं असंल," कुणीतरी म्हणालं.

मनिषा रडली नाही. मला तेच संशयाचं वाटलं. ती म्हणाली, "ताई, त्या क्लिपच्या कोपऱ्यात बारीक आकडे हायत. आपल्या कॅमेऱ्यात आकडे येत न्हाईत. तुमी नीट बघा."

मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

ती बसनं एकटीच परत गेली. तीन वर्षं माझ्या ताटात जेवलेली मुलगी. माझ्याशी असं कुणी वागेल असं वाटलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

रहेमतबी वखारीवर जात नाहीत. दाराबाहेर येत नाहीत. सून सांगत होती, परवा एका व्यापाऱ्यानं फोनवर बोलता बोलता विचारलं, "काय दादी, पुढचा कार्यक्रम कधी?" त्यांनी फोन ठेवला तो परत उचलला नाही.

केजची एक हळद होती, त्यांनी दुसऱ्याला सांगितलं. आष्टीच्या बाईंनी कारण दिलं नाही, नुसतं "नको" म्हणाल्या.

मतीन फार जपतायत. स्वयंपाकही त्यांनी केला. म्हणाले, "बॉक्स-बिक्स सगळं विकून टाकू. नवीन काहीतरी करू." मला मनिषाचाच राग येतो. मी तिला कॅमेरा धरायला शिकवलं. माझ्याच हातानं.

४ डिसेंबर

आज ती क्लिप उघडली. नऊ दिवस उघडली नव्हती. मनिषाचं म्हणणं खोटं पाडायलाच उघडली, हे इथं खरं लिहिते.

कोपऱ्यात आकडे आहेत. बारीक, पांढरे. तारीख २३ आणि वेळ सकाळचे १०:४२.

सकाळी पावणेअकराला हॉलमध्ये खुर्च्यासुद्धा लागल्या नव्हत्या. नाच झाला चारनंतर. मी दोन्ही कार्डं काढून बघितली. कुठंच आकडे नाहीत. कार्डावरच्या फाईलनं नाचाची वेळ दाखवली चार वाजून बारा मिनिटं.

मग स्टुडिओत बॉक्स चालू केला. त्याच्या पाठीवर एक पत्ता चिकटवलेला आहे, मधे टिंबं असलेले चार आकडे. आजवर मी त्याकडं बघितलं नव्हतं. मोबाईल स्टुडिओच्या वायफायवर होता, तो पत्ता मोबाईलमध्ये टाकला. पासवर्ड विचारला नाही, नाव विचारलं नाही. समोर चित्र उघडलं. माझंच टेबल, माझाच कप. आणि कोपऱ्यात बारीक पांढरे आकडे, घड्याळापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे. १०:४२ मध्ये साडेपाच तास मिळवले की चार बारा.

म्हणजे हे कार्डातून गेलेलंच नाही. बॉक्समधून गेलंय. हॉलच्या वायफायवर असलेल्या कुणीही बसल्या जागी बघितलं असेल, काढून घेतलं असेल. त्या वायफायचा पासवर्ड तर हॉलवाल्यानं पाहुण्यांसाठी भिंतीवर लावला होता.

मनिषा. या अल्ला.

५ डिसेंबर

सकाळी मतीनना सगळं सांगितलं. वाटलं त्यांनाही हायसं वाटेल. ते माझ्या मोबाईलकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला हा पत्ता कुणी दिला?"

"बॉक्सच्या पाठीवर आहे."

"ठीक आहे. आता कळलं ना, मशीनची चूक. मशीन फेकून देऊ. कंपनीला वगैरे फोन करत बसू नकोस, ते आपल्यावरच उलटवतील."

मी म्हटलं, मनिषाकडं जायला हवं. ते म्हणाले, थोडे दिवस जाऊ देत, आत्ता गेलीस तर तिच्या घरचे भांडायला येतील. माझ्या काळजीनं म्हणतायत, कळतं. पण दुपारी बघितलं तर बॉक्स टेबलावर नव्हता. गाडीत, सीटखाली सापडला. विचारलं तर म्हणाले, भंगारात द्यायला ठेवला होता.

मी तो परत आणला. का आणला ते सांगता येत नाही.

८ डिसेंबर

मतीन बीडला गेले होते. मी बॉक्सवरचा नंबर लावला. पुण्याची कंपनी आहे. फोनवरचा माणूस भला होता. बॉक्सचा क्रमांक विचारला, थोडं थांबला, म्हणाला, "मॅडम, या मॉडेलमध्ये त्रुटी आहे. त्याच वायफायवरचा कुणीही पासवर्डशिवाय चित्र बघू शकतो. जानेवारीतच सगळ्या ग्राहकांना मेल केला होता आम्ही. एक अपडेट आहे, ते टाकलं की बंद होतं. दहा मिनिटांचं काम."

"आम्हाला मेल आला नाही."

"तुमच्याकडून उत्तर आलंय की."

मी म्हटलं, वाचून दाखवा.

त्यानं वाचलं. "'अपडेट टाकल्यावर मोबाईलवर पासवर्डशिवाय दिसणारं चित्र बंद होईल का?' आम्ही कळवलं, हो, पूर्ण बंद होईल. मग तुमचं शेवटचं उत्तर आलं, 'मग राहू द्या.'"

"खाली नाव काय आहे?"

"मतीन शेख."

मी त्याला धन्यवाद दिले. शेजारची अजान झाली. मी चहा करायला उठले, पातेलं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. मी खुर्चीवर बसले की चहा यायचा. दर वेळी.

८ डिसेंबर, नंतर

तो आला. मी फक्त तीन शब्द म्हटले: "मग राहू द्या."

त्याला लगेच कळलं. आधी म्हणाला, सिग्नल तपासायला लागतो. मग म्हणाला, "चार-चार तास गाडीत बसतो मी. तू नीट आहेस का, काम बरोबर चाललंय का, तेवढं बघायचो."

"तीन वर्षं?"

"मी घरचाच माणूस आहे ना."

"त्या बायकांच्या घरचा आहेस?"

तो खाली बघत म्हणाला, क्लिप त्यानं काढली नाही, कसम खाऊन सांगतो. जमीलनं काढली. जमीलचं गेवराईत मोबाईलचं दुकान आहे, याचा जुना दोस्त. उन्हाळ्यात एका लग्नात यानं त्याला पत्ता दाखवला होता. चित्र किती साफ येतं ते दाखवायला. त्या दिवशी जमील नवरदेवाकडून आला होता.

"पंचवीस तारखेलाच तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"आणि मनिषा?"

"मी तिचं नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "नाव तूच घेतलंस."

हे खरं आहे.

१२ डिसेंबर, अम्मीकडं

चार दिवस इथं आहे. अम्मीला वाटतं साधं भांडण. म्हणते, दारू नाही, मारहाण नाही, असा नवरा कशाला सोडतेस.

वहीत तरी खोटं नको. या चार दिवसांत मी काय विचार केला ते लिहिते. मी गप्प राहिले तर? मनिषाचं नाव लागलंय ते लागलंय, लोक विसरतील. बॉक्स बदलायचा, बोर्ड तसाच ठेवायचा. खरं सांगितलं तर प्रत्येक घरातली बाई विचारेल, माझ्या हळदीत तो बघत होता का? त्या नांदूरघाटच्या हिरव्या साडीवाल्या मावशी विचारतील. मी काय सांगू, हो म्हणून? माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी आपले मोबाईल टोपलीत टाकले होते.

माझ्या मनात गप्प राहायचं दोनदा आलं. पहिल्यांदा तासभर, दुसऱ्यांदा आख्खा दिवस.

१५ डिसेंबर

रहेमतबींकडं गेले. सुनेला सांगून फुफूंना आणि त्या दिवशीच्या सगळ्या बायांना बोलावणं धाडलं. सगळ्या आल्या नाहीत, सहा-सात आल्या. मी उभ्यानंच सांगितलं. बॉक्स, पत्ता, मेल, माझा नवरा, जमील. फुफू उठून गेल्या.

रहेमतबी या वेळी दारात बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं. "तुझा नवरा मला पहिल्यांदा बघत होता, की आधीपण कधी?"

"तुम्हाला पहिल्यांदाच, दादी. बाकीच्यांना तीन वर्षं."

"तू जबान दिली होतीस."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नसताना दिलीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी व्यापारात आयुष्य काढलं. पेटी उघडून बघितल्याशिवाय कधी माल चांगला हाय म्हणून सांगितलं न्हाई."

त्या पुढं म्हणाल्या, "ती पोर कुठाय? आमच्यासमोर तिची तलाशी घेतलीस. माझ्या दारात झालं ते, आणि मी आतून ऐकत बसले. आता आमच्यासमोरच तिला सांग."

मनिषा चुलतीकडं नाही. काम गेल्यावर आईबापाकडं ऊस तोडायला गेली.

१८ डिसेंबर

तहसीनच्या वडिलांनी गाडी काढली. रहेमतबी मागे बुरख्यात, तीन आठवड्यांत पहिल्यांदा घराबाहेर. गोदावरी ओलांडून कारखान्याच्या फडावर पोचायला दीड तास लागला. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्यांची, झोपड्यांची रांग, त्यापुढं फड. मनिषा आईबरोबर उसाच्या मोळ्या बांधत होती. बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

मी तिच्या आईसमोर, तिथल्या बायांसमोर सगळं सांगितलं. माफी मागितली. ती मोळी बांधत राहिली, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्याची गाठ आवळली, मग सरळ उभी राहिली.

"आकडे बघा म्हणले व्हते, ताई."

"हो."

"तवा बघितले असते तर?"

ती पुढं म्हणाली, "माझ्या मोबाईलमध्ये माझ्या आईचे फोटो व्हते. न्हाताना केस धुती तसले. मी गमतीनं काढलेले, तिलापण माहीत न्हाई. तुमी ते सगळ्या बायांपुढं एकेक करून सरकवले. तुमच्या नवऱ्यानं ह्यांचं बघितलं," तिनं रहेमतबींकडं हात केला, "आन् तुमी माझ्या आईचं."

तिची आई आमच्याकडं बघत होती. तिला हे आत्ताच कळत होतं.

गाडीत बसेपर्यंत मला ते फोटो आठवत नव्हते. मग आठवले. मी खरंच सरकवले होते. मला त्यात फक्त क्लिप शोधायची होती, म्हणून ते काय होतं ते मी बघितलंच नाही असं मला वाटत होतं.

त्याआधी, फडावरच, रहेमतबी मनिषाजवळ गेल्या, बुरख्याचा पडदा वर केला आणि मोळीवरच बसल्या. म्हणाल्या, "मी पोलिसात जाणार हाय. आकडे तू बघितलेस पहिल्यांदा. तू सांगशील?"

मनिषानं आईकडं बघितलं. "सांगीन," म्हणाली. "पन कामावर येणार न्हाई."

"कामाला तुला बोलवतंय कोण," रहेमतबी म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या दोघी किंचित हसल्या. मी लांब उभी होते, नीट दिसलं नाही.

२२ डिसेंबर

पोलीस ठाण्यात तीन तास गेले. बॉक्स मी कापडात गुंडाळून नेला होता. कंपनीनं त्या मेलची प्रत पाठवली, तीही दिली. हवालदार म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव घालायचं का? विचार करून सांगा." मी म्हटलं, घाला. जमीलचं घाला, त्याचं घाला, आणि यंत्र माझ्या नावावर होतं तेही लिहा.

रहेमतबींनी आपला जबाब स्वतः दिला. क्लिप ओळखण्यासाठी चेहरा बघावा लागेल म्हटल्यावर त्यांनी महिला पोलिसाला बोलवायला लावलं, पण नाव, वय, वखारीचा पत्ता सगळं अशा आवाजात सांगितलं की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मग मनिषा. ती सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, दुसरी रिकामी नव्हती म्हणून. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. फोन कसा वाजला, मी काय बोलले, तिची तलाशी कशी झाली, आकडे कुठं होते. काही वाढवलं नाही. मला वाचवायला काही गाळलंही नाही.

शेवटी हवालदारांनी माझ्याकडं पेन करून तिला विचारलं, "या तुमच्या कोण लागतात?"

"कोणी न्हाई," ती म्हणाली. "मी यांच्याकडं कामाला व्हते."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.